दुपारचा पहारा

परभणीत माझं औषधांचं दुकान आहे. मिरवणुकांचे दिवस आले की माझ्याकडे दोन वस्तू जास्त खपतात, डोकेदुखीच्या गोळ्या आणि कापूस. कापूस कानात घालायला. नेणारी माणसं मिरवणुकीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. देवाचं काम आहे म्हणतात, पुडी खिशात टाकतात आणि निघून जातात. मी सुटे पैसे परत देतो. दुकानासमोरून गाडीवर रचलेल्या भोंग्यांची भिंत जाते, काचेच्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणतात, आणि मी शटर अर्धं ओढून बसून राहतो. त्या वेळी माझं डोकं फार फिरलेलं असतं, हे माझ्याकडे काम करणाऱ्या माणसालाही ठाऊक आहे. तोही त्या दिवशी माझ्याशी कमीच बोलतो.

देवावर माझा विश्वास असा कधी बसलाच नाही. गावात त्याचा मी कधी गाजावाजा केला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गळ्यात माळ घातलेले. आयुष्यभर पहाटे अंघोळ, देऊळ आणि मग शेत, हा त्यांचा क्रम. त्यांनी मला कधी हात धरून देवळात नेलं नाही. आई हयात असताना कुरकुर करायची, की एवढा शिकला आणि देवाला विसरला. अण्णा म्हणायचे, त्याचं त्याच्यापाशी. आमच्यात देवावरून कधी वाद झाला नाही, त्याचं सगळं श्रेय त्यांचं आहे. मी वाद घालायला कायम तयार असायचो.

पण एका गोष्टीपुढं माझीही जीभ चालायची नाही. ती गोष्ट म्हणजे सप्त्यातली वीणा.

आमचं गाव पेडगावच्या बाजूला. चैत्रात हनुमान जयंतीच्या तोंडावर सप्ता बसतो. सात दिवस देवळात नामस्मरण थांबत नाही, आणि ते थांबलेलं नाही याची खूण म्हणजे वीणा. पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडते आणि काल्याच्या दिवसापर्यंत जमिनीला टेकत नाही. माणसं पाळीपाळीनं ती घेऊन उभी राहतात. त्याला पहारा म्हणतात. पहाऱ्यावरच्या माणसानं बसायचं नाही, खांबाला टेकायचं नाही. पुढचा माणूस हातपाय धुऊन येतो, वीणा घेतलेल्याच्या पाया पडतो. मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आणि आता ज्यानं दिली तो वाकतो, घेणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो. वय बघायचं नाही, जात बघायची नाही, कुणाचं शेत किती हेही बघायचं नाही. शिवाय आमच्या गावात आणखी एक रीत होती. हातपाय धुऊन जो वीणा घ्यायला येईल, त्याला नाही म्हणायचं नाही.

लहानपणी मी देवळाच्या पायरीवर बसून हे पाहायचो. अण्णांचा पहारा दुपार होईपर्यंतचा. त्यानंतरचा पहारा, ऐन उन्हाचा, कुणालाच नको असायचा. देवळावर तेव्हा पत्रे होते आणि पत्र्याखाली जीव नकोसा व्हायचा. तो पहारा मामांचा होता. हे मामा म्हणजे माझे नात्यातले नव्हेत. मेंढरं राखणारं घर. सुगी झाली की त्यांचा कळप आमच्या रानात बसायचा, खतासाठी. उन्हाळा लागला की मेंढरं घेऊन ते सोनपेठच्या अंगाला गोदावरीकाठी उतरायचे. पण सप्ता बसला की कळप पोरांच्या हवाली करून एसटीनं गावात यायचे, तो दुपारचा पहारा धरायला. घोंगडं, काठी आणि चपला बाहेर ठेवायचे, रांजणाच्या पाण्यानं पाय घोट्याच्या वरपर्यंत घासून धुवायचे आणि आत यायचे.

अण्णांच्या नावावर जमीन होती, मामांच्या नावावर वीतभरही नव्हती. आणि त्या पत्र्याखाली अण्णा मामांच्या पायांवर डोकं ठेवायचे. नुसता हात लावून छातीला नेणं नाही. पूर्ण वाकायचे, टोपी काढून. बाहेर रानात मामा अण्णांपुढं उभ्यानं बोलायचे, हे मी पाहिलेलं होतं. आत त्याच्या उलटं चालायचं. मला धर्मातलं एवढंच पटलं. पुढं कॉलेजात मित्रांपुढं देवाधर्माची खिल्ली उडवताना हे एक मी कधी सांगितलं नाही. ते खिल्लीत जायला नको, असं वाटायचं.

मग देवळाचं संस्थान झालं. कसं झालं ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. आधी पत्रे जाऊन स्लॅब आला, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. मग काळी गुळगुळीत फरशी आली, रस्त्यावर कमान आली, गाभाऱ्याला स्टीलचं दार आणि दाराला कुलूप आलं. हे सगळं करणारा माणूस संस्थानचा अध्यक्ष. रस्त्यांची कामं घ्यायचा, वरच्या लोकांत ऊठबस होती. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर याची गाडी दारात यायची. आईच्या शेवटच्या दुखण्यात आमच्याही दारात आली होती. म्हणून अण्णा त्याच्याविषयी वावगं ऐकून घ्यायचे नाहीत. मी काही बोललो की म्हणायचे, "देवाचं करायलाय ना? करू दे की."

हळूहळू सप्त्यात कीर्तनाआधी सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फेटा. ज्यांचे सत्कार व्हायचे ते पुढं कधी ना कधी मतं मागायला यायचेच. कीर्तनकार बिचारा टाळकऱ्यांसोबत ताटकळत उभा राहायचा. अध्यक्ष माइकवर सांगायचा, की हे धर्मकार्य आहे, यात राजकारण नाही. टाळ्या पडायच्या. मला तिथं बसवायचं नाही. मी उठून बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहायचो.

मामांच्या आणि त्या माणसाच्या वाटा जिथं आडव्या आल्या ती जागा म्हणजे देवळामागचं गायरान. पावसाळ्यात रानं पेरलेली असतात, तेव्हा मेंढरं चारायला गावात दुसरी जागाच नाही. तिथं संस्थानला भक्तनिवास बांधायचा होता आणि गाड्या लावायला जागा करायची होती. तारेचं कुंपण घालायचा ठराव ग्रामसभेत येणार, अशी कुणकुण लागली. मेंढरंवाल्यांची घरं मोजकी, त्यांचं कोण ऐकणार? मामा अण्णांकडे आले. मी त्या दिवशी अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गावी गेलो होतो, ओट्यावरच होतो. मामा फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की तुमचा शब्द गावात खाली पडत नाही, तुमी एकदा उठून बोला. अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली आणि म्हणाले, "गायरान देवाचं न्हाई गड्या, जनावराचं हाय. मी बोलतो." मामांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच उतरला. चहा पिऊन ते गेले.

ग्रामसभेच्या आधी सप्ता आला.

काल्याच्या आदल्या दिवशी, अण्णांचा पहारा संपत आला तेव्हा मामा पाय धुऊन दाराशी उभे होते. एवढ्यात अध्यक्ष आला. सोबत माणसं होती, गळ्यात सारखी उपरणी घातलेली. त्यांनी मामांना हलकेच खांद्याला धरून बाजूला केलं, आज अध्यक्ष वीणा घेणार आहेत म्हणून. मामा बाजूला झाले. अध्यक्षानं खरंच हातपाय धुतले होते, ते पाणी त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर उडालेलं होतं. तो अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी एकदा मामांकडे पाहिलं. पण जो हातपाय धुऊन येईल त्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत. अण्णांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, टोपी काढली आणि वाकले. जसे मामांपुढं वाकायचे तसेच, पूर्ण.

मोबाइल वर झाले ते तेव्हा. अध्यक्ष वाकला होता तेव्हा एकही वर नव्हता. हे मी पाहिलं, पण ते कशासाठी होतं ते कळायला चार दिवस जावे लागले.

मी पुन्हा गावी गेलो तेव्हा फाट्यावर, एसटी थांबते तिथं, मानवतहून छापून आणलेला मोठा फ्लेक्स लागला होता. वर मारुतीचं चित्र. खाली अध्यक्ष, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, आणि त्याच्या पायांवर माझे वडील. अण्णांचं टक्कल चमकत होतं, कारण टोपी काढलेली होती. पायात पाय अडकून कुणी पडावं तसे ते दिसत होते. भक्तनिवासाच्या संकल्पाला ज्येष्ठ माळकऱ्यांचा आशीर्वाद आणि समस्त गावकऱ्यांचा पाठिंबा आहे, अशा अर्थाचा मजकूर होता. मी तो काढायला गेलो. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं मला थांबवलं. म्हणाला, फाडू नका, वर देव हाय.

खरंच वर देव होता. आमच्याकडे फ्लेक्सवर देव कशासाठी छापतात ते मला त्या दिवशी कळलं. मी रागारागात घराकडे निघालो. परभणीतून आणलेल्या गोळ्यांची पिशवी मी हॉटेलच्या बाकावरच विसरलो, ती नंतर कुणीतरी घरी आणून दिली.

अण्णांना मी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी आधीच पाहिलं होतं. म्हणाले, मी वीणेला वाकलो. मी म्हणालो, ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. ग्रामसभेत बोलतो की, म्हणाले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मीही गेलो होतो. ठराव वाचून झाला आणि अण्णा उठले. काठी घेऊन नीट उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, की गायरान जनावराला राहू द्यावं, भक्तनिवासाला दुसरी जागा बघावी. आवाज खणखणीत होता. अध्यक्षानं माइक हातात घेतला. तो चिडला नाही. हसत म्हणाला, "अण्णांचा आशीर्वाद तर आम्हाला सप्त्यातच मिळाला. सगळ्या गावानं बघितलं." लोक हसले, टाळ्या वाजल्या. अण्णा म्हणाले, मी वीणेला वाकलो होतो. त्यावर मागून कुणीतरी विचारलं, की म्हणजे देवाच्या कामाला तुमचा विरोध हाय का?

अण्णांचा हात माळेवर गेला. त्या प्रश्नाला हो म्हणणं त्यांना शक्य नव्हतं, आणि नाही म्हटलं की ठराव मंजूर. मी उठून बोलायला लागलो, तेवढ्यात ग्रामसेवकाच्या शेजारून विचारणा झाली, की तुमचं मतदान कुठं हाय? परभणीत, म्हणालो. मग बसा, म्हणाले. मी बोलतच राहिलो, पण माइक त्यांच्याकडे होता. कुणीतरी देवाचा जयजयकार केला, सगळ्यांनी हात वर केले, आणि ते वर केलेले हात ठरावाला धरले गेले. अण्णा खाली बसले. पटांगणाच्या टोकाला, नळापाशी, मामा होते. त्यांनी काठी उचलली आणि ते मागं न बघता निघून गेले.

तार पावसाळ्याआधी लागली. भक्तनिवास अजून बांधलेला नाही. आत गाड्याही कुणी लावत नाही, नुसतं गवत वाढतं आणि वाळतं.

अण्णा एकदा मामांच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. मामांनी घोंगडं अंथरलं, चहा दिला, माझ्या दुकानाची चौकशी केली. सुनेनं बिस्किटं आणून ठेवली. सगळं नेहमीसारखं होतं आणि तरी अण्णांना तिथं बसवत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी त्यांनीच विषय काढला. मामांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "अण्णा, तुमी कुणाला वाकलाव ते मला ठावं हाय. पर तार त्या फोटूवरच उभी राहिली." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. राग असला की भांडता येतं. परत येताना अण्णा वाटेत दोनदा थांबले. धाप लागली म्हणाले.

त्या वर्षी सुगीनंतर आमच्या रानात कळप बसला नाही. मामांनी निम्मी मेंढरं विकली आणि उरलेली घेऊन ते लवकरच गोदावरीकडे उतरले.

पुढच्या चैत्रात सप्ता नेहमीसारखा बसला. नेहमीसारखा म्हणजे आणखी मोठा. देवळासमोर मांडव, मांडवात मोठा पडदा, आणि आतली वीणा पडद्यावर दिसावी म्हणून तिपाईवर कॅमेरा. अण्णांनी पहारा धरू नये असं मी फोनवर सांगून पाहिलं. पाय सुजत होते, वय झालं होतं. त्यांनी ऐकलं नाही. गाव काय करायलंय ते गाव बघेल, वीणेनं माझं काय वाकडं केलं, म्हणाले. मग मी दुकान बंद केलं आणि गेलो.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. अण्णांचा पहारा संपून गेला होता आणि अण्णा वीणा घेऊन उभेच होते. बाहेर पंगत बसली होती, वाढप्यांची आरडाओरड चालली होती, आत फारसं कुणी नव्हतं. उपरणं घातलेला एक तरुण भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. त्यानं मला सांगितलं, की मी दोनदा विचारलं, पण म्हाताऱ्यानं मान हलवून नाही म्हटलं. मी चमकलो. जो येईल त्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत अण्णांनीच मला शिकवली होती. मी त्या तरुणाला विचारलं, तू हातपाय धुतले होते का? तो म्हणाला, त्याला काय होतंय?

अण्णांची नजर दाराकडे होती. रांजण होता तिकडे. मला सगळं कळलं आणि फार वाईट वाटलं. सोनपेठहून येणारी एसटी केव्हाच येऊन गेली होती, मी तिच्यातल्या माणसांना फाट्यावर उतरताना पाहिलं होतं. त्यांत मामा नव्हते. हे अण्णांना सांगायला माझी जीभ उचलेना. त्यांच्या पायांच्या नडग्या ताणून चकचकीत झाल्या होत्या, ओठ हलत होते, पण त्यातून आवाज येत नव्हता. वीणेची तार तेवढी ते छेडत होते.

मी बाहेर गेलो. चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेतलं आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत घासून धुतले, मामा धुवायचे तसे. आत आलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फरशीवर देवाच्या दिशेनं गेलो, पण गेलो ते अण्णांकडे. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गरम होते. वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते, आणि मी कोण आहे हे क्षणभर त्यांना उमजलंच नसावं. मग त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. त्यानंतर गळ्यातली वीणा काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातली. ती मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. पट्टा त्यांच्या घामानं ओला झाला होता.

आता त्यांनी वाकायचं होतं. मी उभा राहिलो. माझा देवावर विश्वास नाही, तरी लहानपणापासून जे एक मला पटलं होतं ते आता माझ्यासमोर होणार होतं, आणि मला ते हवं होतं. मला ते किती हवं होतं हे तेव्हाच कळलं.

अण्णांनी टोपीला हात घातला. आणि थांबले. त्यांनी मान वळवून आधी भिंतीशी उभ्या तरुणाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग तिपाईवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचा लाल दिवा चालू होता. ते त्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, भिंतीचा आधार घेतला आणि ताठ मानेनं बाहेर निघून गेले.